आपले धारातीर्थी, त्यांचे ठार

सर,

‘धारातीर्थी’ हा एक शब्द लेखातून काढायला काय पडलं ते आधी सांगतो. भाचीच्या साखरपुड्याचं जेवण बुडालं, दुकानातल्या नव्याकोऱ्या सोफ्यावर चहा सांडला, आणि दोन भली माणसं महिनाभर भांडली. तुम्ही म्हणाला असतात, स्वस्तात सुटलास.

तुमच्या वेळी हे नव्हतं. आता इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. कुणीही लिहावं, दुसऱ्याने दुरुस्त करावं, पटलं नाही तर लेखामागच्या चर्चापानावर भांडावं. पगार कुणालाच नाही. उल्हासनगरात फर्निचरचं दुकान उभं केलं तेव्हा वाटलं नव्हतं, गिऱ्हाईक नसताना मी किल्ल्यांचे वेढे तपासत बसेन. पण बसतो. अशाच एका वेढ्यावरून दोघांची जुंपली. एक सोनिवलीचे हवालदार, पलटणीतून निवृत्त. दुसऱ्या अंबरनाथला कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाई. हवालदारांनी लिहिलं, ‘आपले वीर धारातीर्थी पडले, गनीम ठार झाला, उरलेला शेपूट घालून पळाला.’ बाईंनी अख्खा परिच्छेद पुसला. त्यांनी परत लिहिला, बाईंनी परत पुसला. शेवटी कोशाची शिस्त सांभाळणाऱ्यांनी बजावलं, आणखी एकदा असं झालं तर हवालदारांचं खातं कायमचं बंद. बायको गेल्यापासून त्या माणसाला तेवढाच एक उद्योग उरलाय. म्हणून भाचीचा साखरपुडा सोडून त्याच दिवशी दोघांना दुकानात बोलावलं.

“शेठ, ह्या बाईंना आपली माणसं मेलेली दिसत नाहीत का?” हवालदार बसायच्या आधीच सुरू.

“दिसतात हो काका. समोरचीही दिसतात, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“म्हणजे गनिमाला हार घालू?”

“हार कुणालाच नको. पुरावा घाला.”

हवालदारांचा हात उडाला आणि चहा सोफ्यावर गेला. मी आवाज चढवला, “अहो, उद्या अख्खा महाराष्ट्र हे वाचणार आहे! जरा जबाबदारीनं.” दोघंही एकदम सरळ बसले. माझं मलाच भारी वाटलं.

आणि तुम्ही आठवलात. सातवीचा वर्ग. मी लढाईचा धडा वाचतोय, छाती काढून, बाकं दणाणतायत. तुम्ही म्हणता, “छान. आता दोन्ही बाजूंची नावं अदलाबदल करून वाच.” मी वाचायला लागतो, आणि आपलेच शेपूट घालून पळतात. मी अर्ध्यातच थांबतो, कान तापलेले. “का रे, घसा बसला?” एवढंच विचारून तुम्ही खडू ठेवता. दिवाळीपर्यंत तुमच्याशी नीट बोललो नव्हतो मी.

हवालदारांना तेच करायला लावलं. आवाज खणखणीत, पण दुसऱ्याच ओळीला अडखळले. चष्मा काढून हातात धरला. “सीमेवर आमच्या पोस्टसमोर त्यांचा एक पोरगा पडला होता,” म्हणाले. “आम्ही त्याच्या अंगावर कांबळं टाकलं. त्याच्याबद्दल असं नसतं लिहिलं मी.”

 बाई लॅपटॉप पुढे ओढून म्हणाल्या, “काका, त्या परिच्छेदातलं शौर्याचं वाक्यही मी उगाच पुसलं. ते राहू दे. फक्त बखरकार असं म्हणतो, असं लिहू.” आता लेखात दोन्ही बाजूंची माणसं मारली गेली आहेत, आणि शौर्य ज्याने सांगितलं त्याच्या नावावर आहे. खातं वाचलं. समोरच्या बाजूच्या सरदारांची माहिती सध्या हवालदारच शोधतायत.

रोज सकाळी त्यांचा फोन येतो, “शेठ, किती लोकांनी वाचला आपला लेख?” मी म्हणतो, “बरेच.” हे फक्त तुम्हाला सांगतोय; तुम्ही आता नाही, त्यामुळे हा कागद पोस्टात पडायचाच नाही. लेख किती वेळा उघडला गेला ते कोशातच दिसतं. आम्हा तिघांच्या चकरा वजा केल्या तर फारसं काही उरत नाही.