राणी सापडेपर्यंत टाका नाही

अल हैल, मस्कत
शुक्रवार, ६ मार्च २०१५

आदरणीय भानुदासमामांना रुपेशचा सप्रेम जय भीम.

आपली तब्येत, मामींचा गुडघा आणि नागपूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (उन्हाबद्दल मी बोलू नये. दोन महिन्यांनी इथे नळाच्या पाण्यातच चहा होईल.) श्वेता मजेत आहे, आपण पाठवलेली सांडगी मिरची परवा संपली, आणि आई समोरच्या खोलीत इस्त्री करते आहे. म्हणूनच हे कागदावर लिहितो आहे. दोन खोल्यांच्या घरात फोनवर काही गुप्त बोलता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवावं, तर आपण ते मामींना मोठ्यांदा वाचून दाखवता आणि मामी तासाभरात आईला फोन करतात. माझा मित्र प्रताप रविवारी सुट्टीवर वर्ध्याला निघाला आहे, तो हे पाकीट आपल्या हातात देईल.

आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे पाठवताना आपण माझ्यावर जी कामगिरी सोपवली होती, तिचा हा अहवाल. आई हल्ली फार विसरते, तिला एकटीला ठेवावं की तिचं घर भाड्याने देऊन तिला आपल्याकडे वरच्या खोलीत आणावं, हे मी बघून कळवायचं होतं. आपण मुख्याध्यापक असल्यामुळे दहा प्रश्नांची यादीही सोबत दिली होती. खोटं कशाला सांगू, पहिल्या दीड महिन्यात निकाल चांगला नव्हता. तिचा चष्मा फ्रिजमध्ये लबानच्या बाटलीमागे सापडला. (लबान म्हणजे इथलं ताक. घट्ट असतं, आपल्याला आवडेल.) श्वेताला तिने दोनदा सुरेखा म्हणून हाक मारली, ही सुरेखा तिच्या दवाखान्यातली जुनी मैत्रीण. आपला चौथा प्रश्न, 'काल दुपारी काय जेवलीस', मी सहज म्हणून विचारला, तर म्हणाली, "तूच सांग, तूही होतास." मी अर्धा गुण दिला.

आता पुढचं सांगण्याआधी मला स्वतःबद्दल एक कबुली द्यावी लागेल, कारण त्याशिवाय आईचं कळणार नाही. मामा, पत्र खाली ठेवू नका.

आपल्याला ठाऊक आहे, मी पंधरा दिवस दुक्मच्या कॅम्पवर असतो आणि आठवडाभर घरी. दुक्मला समुद्र आहे, वाळू आहे आणि आमच्यासारखे हजारो पुरुष आहेत, याखेरीज काही नाही. तिथे प्रतापने इंटरनेटवर ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ शोधून काढला. वाटणाऱ्याच्या विरुद्ध खेळायचं, पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीसच्या वर गेलात की संपलं. प्रतापचं म्हणणं असं, की जुगारात डोक्याला किंमत असलेला हा एकच खेळ, कारण कोणती पानं येऊन गेली हे ज्याला मोजता येतं, त्याला पुढे काय उरलंय याचा अंदाज असतो. लहान पानं गेली म्हणजे मोठी उरली, आणि मोठी उरली म्हणजे आपले दिवस चांगले. (या देशात जुगाराला सक्त बंदी आहे आणि आम्ही लबानच्या बाटल्यांच्या झाकणांपलीकडे काहीही लावलेलं नाही, हे आपण मामींना आधी सांगावं.) पण एप्रिलमध्ये सुट्टीवर येताना तीन दिवस पणजीला उतरायचं, तिथल्या कॅसिनोच्या बोटीवर बसायचं, असं आमचं ठरलं होतं. श्वेताला मी 'गोव्यात सेमिनार' असं सांगितलं होतं.

तर मोजायची पद्धत निवडणं आलं. पद्धती डझनभर आहेत. प्रतापने सगळ्यात साधी घेतली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत पान दिसलं की एक मिळवायचा, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा करायचा, मधली सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची. मला हे बालवाडीतलं वाटलं. मी प्लॅनिंग इंजिनीअर माणूस. मी सगळ्यात अचूक पद्धत निवडली, जिच्यात काही पानांना एक, काहींना दोन, नव्वीला उणे एक, चित्रांना उणे दोन, आणि एक्के वेगळे मोजायचे असतात. एक्क्यांसाठी मी डाव्या पायाची बोटं राखून ठेवली होती. प्रत्येक एक्क्याला एक बोट बुटात दाबायचं. तिसऱ्या एक्क्यानंतर माझ्या पोटरीत गोळा यायचा आणि मी स्वतःच्या हातातली पानं बघायचंच विसरून जायचो. तरी पद्धत कठीण आहे म्हणजे उच्च दर्जाची आहे, या विश्वासावर मी दोन महिने काढले.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सकाळी प्रताप नाश्त्याला आला. पोहे झाले आणि आम्ही जेवणाच्या टेबलावरच सरावाला बसलो. प्रताप एकेक पान नाव घेऊन टाकत होता, आई टेबलाच्या टोकाला मेथी निवडत होती. अर्ध्या कॅटनंतर प्रतापने विचारलं, किती झाले? माझ्या पद्धतीने मी 'अधिक सात' म्हणालो, मग 'अधिक चार', मग टेबलाखाली वाकून पायाची बोटं मोजायला लागलो. प्रतापला स्वतःचाही आकडा सांगता येईना, कारण तो वाटण्यात गुंतला होता. तेव्हा आई मेथीवरून मान न उचलता म्हणाली, "प्रतापच्या हिशेबाने उणे तीन."

आम्ही टाकलेली पानं उलटी करून मोजली. उणे तीन.

प्रताप म्हणाला, "मावशी, हे नशिबाने आलं असेल." मग रीतसर परीक्षा झाली. प्रतापने पानं भराभर टाकायची, श्वेताने ताटल्या आवरता आवरता मिक्सर लावायचा, आणि मी आईला बोलण्यात गुंतवायचं. मी विचारलं, शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न कुठे जमलं. तिने भंडाऱ्याचं स्थळ, मुलीची नोकरी, मानपानाची कुरबूर, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटचं पान पडलं तशी थांबली आणि म्हणाली, "अधिक एक."

प्रताप हळूच म्हणाला, "मावशी, पूर्ण कॅट संपला की शून्यच यायला पाहिजे. एक चुकलं तुमचं."

मामा, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली वरची खोली आली. मी म्हणालो, राहू दे आई, एकच तर चूक. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी सातवीत नापास झालो तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणाली, "माझं चुकलेलं नाही. एक मोठं पान आलंच नाही. जागेवरून कोणी उठायचं नाही, आधी पानं मोजा."

प्रतापने मोजली. एक्कावन्न.

मग दोन इंजिनीअर टेबलाखाली गुडघ्यांवर, श्वेता सोफ्याच्या गाद्या उचलते आहे, आणि आई खुर्चीत ताठ बसून सांगते आहे, "अजून कुठे काय उचलून नेलं, ते आठवा." शेवटी सिंकमध्ये पोह्यांच्या ताटलीच्या बुडाला चिकटलेली बदामची राणी मिळाली. आई म्हणाली, "आता शून्य. आता टाका घाला."

हा टाका कुठला, ते आम्ही विचारलं तेव्हा कळलं. मामा, आई एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती, हे मी जन्मापासून ऐकतो आहे. तिथे ती नेमकं काय करायची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पोटात रक्त टिपायला कापडाचे तुकडे जातात. गेला की एक मिळवायचा, बाहेर आला की एक वजा करायचा. डॉक्टर बोलत असतात, कोणी अवजार मागतं, दिवे जातात, पण आकडा सुटता कामा नये, आणि शून्य आल्याशिवाय पोट शिवायचं नाही. एकदा मोठे डॉक्टर घाईत होते. आईचा एक तुकडा येईना. ते म्हणाले, सिस्टर, तुमचं मोजण्यात चुकलं, मी शिवतो. ती सुई-दोरा हातात घेऊन मागे सरकली आणि म्हणाली, सर, तुकडा सापडेपर्यंत टाका नाही. पाच मिनिटांनी डॉक्टरांना तो आतच मिळाला. "बाई होती पेशंट," आई म्हणाली, "तिची तीन लेकरं बाहेर बाकावर बसली होती." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. 

मग तिने माझी पद्धत समजावून घेतली. ऐकून झाल्यावर म्हणाली, पद्धत चांगली आहे, माणूस नवीन आहे. शेजारी कोणी बोललं तरी जी मोजणी सुटत नाही, ती आपली पद्धत. आणि लगेच मला प्रतापच्या साध्या पद्धतीने मोजायला बसवून मधेच विचारलं, "श्वेताने काल बरक्याच्या मासळी बाजारातून कोणती मासळी आणायला सांगितली होती?" मी सुरमई म्हणालो, आकडा गेला. शिवाय सुरमई नव्हती, हलवा होता.

गोव्याचं तिला कसं कळलं, माहीत नाही. एवढंच म्हणाली, की तिथे समोर पानं वाटणारा माणूस रोज हेच काम करतो, तू वर्षातून तीन दिवस करणार. काहून जातोस? प्रतापने माझ्याकडे पाहिलं, मी टेबलावरच्या लबानच्या झाकणांकडे. बोटीचं रद्द केलं, आणि प्रतापने एप्रिलची सुट्टी मार्चमध्येच घेतली. श्वेताला सेमिनारचंही सांगून टाकलं. (त्यानंतरचे दोन दिवस या अहवालाच्या कक्षेत येत नाहीत.)

त्या दिवशी दुपारी आईला मी चष्म्याचं विचारलं. ती म्हणाली, "निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही मोजायला सांगितलंच नाही रे. डोकं रिकामं राहिलं, की चष्मा कुठेही जातो." तेव्हापासून प्रताप कॅम्पवरून परतला, की रोज तिच्याकडे शिकायला येतो. मीही बसतो. परवा पहिल्यांदा माझं शून्य आलं, तर तिने मला शिरा करून दिला.

तेव्हा मामा, आपल्या दहाही प्रश्नांचं उत्तर एकच. आई एकटी राहू शकते. उलट तिनेच आपल्या दोघांची परीक्षा घ्यायची ठरवली, तर मी येईन, पण मागच्या बाकावर बसेन.

मामींना नमस्कार. प्रकृतीला जपावं.

आपला भाचा,
रुपेश

ता.क. आई वीस तारखेला नागपूरला पोहोचते. तिच्या घराची किल्ली आपण 'जपून ठेवतो' म्हणून घेतली आहे आणि भाडेकरूला खोल्या दाखवता आहात, असं मामी श्वेताला म्हणाल्या. ती किल्ली कृपया विमानतळावरच तिच्या हातात द्यावी. खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं.

ता.क. २. आपण तिची परीक्षा घेत होतो, हे आईला अजिबात कळलेलं नाही. पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं.

भानू, प्रतापने पाकीट आधी मला आणून दिलं. आतलं मोजल्याशिवाय टाका घालायचा नाही, हे शिकवलेलं वाया गेलं नाही. रुपेशने चांगलं लिहिलंय, फक्त तीन लेकरं नव्हती, दोन होती. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. निघायच्या आदल्या दिवशी मी कुलूप बदललं होतं. तू भाडेकरूला घर कसं दाखवतोयस, तेवढं मात्र कळव. – ताई