अर्ध्या ‘सर’चे वाटेकरी

घाटकोपर,
रविवार, १७ जानेवारी १९५४

तीर्थरूप श्यामकांतकाकांच्या चरणी सुगंधाचा साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत खरा साष्टांग घालायचा तर आधी कॉट बाहेर काढावी लागते, म्हणून पत्रातूनच, पण मनापासून घालते.) इकडे आम्ही तिघंही हिंडतेफिरते आहोत. तुमचा गुडघा, काकूंचा दमा आणि कपिला गाय यांच्या प्रकृती कशा आहेत ते सविस्तर कळवावं. मागच्या पत्रात तुम्ही फक्त गायीचं लिहिलं होतं. पाकिटात तिळगुळाची पुडी घातली आहे. पोस्टाचा शिक्का नेमका तिच्यावर बसला असेल तर चमच्याने खावा, पण गोड बोलावं. विशेषतः हे पत्र वाचून झाल्यावर.

विषय अण्णांचा आहे. एकतीस मार्चला ते निवृत्त होतात. बत्तीस वर्षं पुरुषभर उंचीची लोखंडी चावी उजव्या खांद्यावर घेऊन ते या डोंगराकडचे पाण्याचे मोठे नळ उघडत आणि बंद करत हिंडले, आता ती चावी परत करायची. एवढंच असतं तर मी सुखाने शाळेत भूगोल शिकवत राहिले असते. पण ऑक्टोबरात त्यांचे जुने इंजिनियर ब्रॅडवेलसाहेब इंग्लंडात वारले, आणि तेव्हापासून माझ्या पदवीचे धिंडवडे चालू आहेत.

तुम्हाला अडतीस साल आठवत असेलच. (नसेल तर पत्र संपेपर्यंत आठवेल.) ऐन शिमग्यात मोठा नळ फुटला. अण्णांची रजा मंजूर होती, ट्रंकेत नवं धोतर भरलेलं होतं, बोटीचं तिकीट काढलेलं होतं, कारण त्या वर्षी देवीच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आमच्या खालच्या घराचा होता. अण्णा बोटीवर चढायचे ते खड्ड्यात उतरले आणि छातीभर पाण्यात अकरा तास ती गंजलेली चावी फिरवत राहिले. साहेब काठावर टोपी घालून उभे होते. (टोपीवर थेंबसुद्धा पडला नाही, असं शेजारचे काशीरामकाका सांगतात. ते तेव्हापासून अण्णांच्या हाताखाली आहेत. अण्णा म्हणतात, थोडी भिजली होती.) पाणी थांबलं, आणि पुढच्या वर्षी पाणीपुरवठ्याच्या सेवेबद्दल बादशहाने साहेबांना ‘सर’ केलं.

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी अण्णांना बंगल्यावर बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘धोंडू, इसमें आधा तुम्हारा है.’ इंग्रज माणूस असं बोलतो आणि चहा प्यायला आत जातो. पण ऐकणारा कोकणातला होता. मानात अर्धा वाटा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको : एक पाळी तुमच्या वरच्या घराची, एक आमच्या खालच्या. अण्णा पंधरा वर्षं या वाट्याबद्दल कुणाशी काही बोलले नाहीत. साहेब गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, देवाला दिवा लावला आणि मला जवळ बसवून म्हणाले, ‘बाय, साहेबाची पाळी सरली. आता आमची. तू मडमेक पत्र घाल. पण घाई नाय म्हण. तिचा सुतक सरांदे.’

मी समजावलं. ‘सर’ हा किताब माणसाबरोबर जातो, तो वाटून घेता येत नाही, बापाकडून मुलाकडेसुद्धा येत नाही, आणि आपल्या घटनेच्या अठराव्या कलमाने तर किताबच बंद केलेत. परदेशाचे घ्यायचे नाहीत आणि स्वदेशाने द्यायचे नाहीत. फक्त लष्करातल्या आणि शिक्षणातल्या पदव्या चालतात. यावर आई म्हणाली, ‘म्हणजे या घरात चालता ता फकत तुझाच?’ घटना समितीत आई नव्हती हे देशाचं भाग्य.

शेवटी मी पत्र लिहिलं. मी खोटं बोलत नाही हे तुम्ही जाणता, म्हणून मी अर्धंच पत्र लिहिलं. सांत्वनाचं लिहिलं, वाट्याचं वगळलं. डिसेंबरात काळ्या काठाच्या पाकिटातून उत्तर आलं : सांत्वनाबद्दल आभारी आहे, आपले वडील कोण ते मात्र आठवत नाही, बंगल्यावर बरेच नोकर होते. चार ओळींचं पत्र. अण्णा समोर धुतलेला सदरा घालून बसलेले. काका, पाच वर्षं मी वक्तृत्व स्पर्धांत ‘सत्यमेव जयते’ या विषयावर बक्षिसं घेतली, आणि त्या दिवशी पत्र वाचून दाखवताना म्हणाले, ‘मडम लिहितात, साहेब शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होते.’ अण्णांनी डोळे पुसले आणि विचारलं, ‘आणि वाट्याचा?’ मी म्हटलं, ‘ते राणी ठरवते.’

हे वाक्य मी बोलायला नको होतं. भिंतीपलीकडे काशीरामकाका होते. संध्याकाळपर्यंत चाळीत, आणि दुसऱ्या दिवशी पाणीखात्याच्या चौकीवर, धोंडूचं काम राणीपर्यंत गेल्याची बातमी पसरली. चौकीवरचा कारकून अण्णांना पाहून उभा राहतो आणि म्हणतो, ‘या, अर्धे सर!’ अण्णांना वाटतं, मान देतोय. ते त्याला हात वर करून ‘बसा बसा’ म्हणतात. हे मला काशीरामकाकांनी हसत हसत सांगितलं आणि मी दोन दिवस जेवले नाही.

तेव्हा मी ठरवलं की अज्ञान हाच शत्रू आहे. (हे वाक्य माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.) परवा शुक्रवारी चाळीत हळदीकुंकू होतं. मी वाचनालयात बसून टिपणं काढली आणि ‘इंग्रजी किताब कसे मिळतात व कोणास मिळावेत’ या विषयावर बायकांपुढे अर्धा तास बोलायचं जाहीर केलं. अण्णा बाहेर गॅलरीत बसून ऐकणार होतेच. त्यांच्या तोंडावर बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून हा मार्ग.

मी सांगितलं की वर्षातून दोनदा, नव्या वर्षाला आणि राणीच्या वाढदिवसाला, यादी निघते. निरनिराळी खाती नावं सुचवतात, समित्या ती चाळतात, मुख्य प्रधान राणीपुढे ठेवतात. आधी त्या माणसाला गुपचूप पत्र जातं की दिला तर घ्याल का, म्हणजे नकाराने राणीची शोभा होऊ नये. (‘आमच्या सुहासिनीकाकूंनी मुलीच्या लग्नाच्या वेळी असंच केलं होतं,’ मागून कुणीतरी.) मग राजवाड्यात एका छोट्या स्टुलावर गुडघा टेकायचा आणि राणी दोन्ही खांद्यांना तलवार लावते. सुहासिनीकाकूंनी विचारलं, बायकोला काय मिळतं? मी म्हटलं, तिला ‘लेडी’ म्हणतात. झालं! तेवढ्यापुरतं सगळं हळदीकुंकू आईकडे वळलं. ‘लेडी, वाण घ्या,’ ‘लेडी, सरकून बसा.’ आई लाजून लाल.

मी आवाज चढवला. म्हटलं, भगिनींनो, लायक कोण हे पाहा! साहेब आहेत, बँकवाले आहेत, गेल्या वर्षी तर शर्यतीत घोडा पळवणाऱ्यालाही ‘सर’ केलं. त्यावर आई वाण वाटता वाटता म्हणाली, ‘आणि घोड्याक काय दिल्यानी?’

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. गॅलरीकडे पाहायचं धाडस झालं नाही म्हणून मी घाईने शेवटचं टिपण वाचलं : हा मान स्वतः मागायचा नसतो. दुसऱ्याने आपलं नाव सुचवायचं असतं.

पाहिलं तेव्हा गॅलरीत अण्णा नव्हते. खाली नळाजवळ उभे होते. मी गेले तर म्हणाले, ‘म्हणजे मी मागलंय तसा झाला गो. मागान मिळता तो मान कसलो?’ एवढंच. सदरा काढून घडी करून ट्रंकेत ठेवला. काल कारकुनाने ‘अर्धे सर’ म्हटल्यावर त्यांनी हात वर केला नाही, असं काशीरामकाका म्हणाले, आणि या वेळी ते हसत नव्हते. सेवानिवृत्त झाल्यावर गावी जायचं ठरलं होतं तेही रद्द. ‘काय तोंड घेऊन जाव?’ म्हणतात. मी जे जे सत्य सांगितलं त्याने घर बुडालं आणि जे एक खोटं सांगितलं त्यावर ते तीन आठवडे तरंगलं होतं. आता अशा जगात शिकलेल्या मुलीने करायचं काय? त्यात याच महिन्यात आपल्या सरकारनेही पदकं काढलीत. मी वर्तमानपत्र वाचणं सोडलं आहे. मानपान, किताब, वशिले या सगळ्यांचा मला मनापासून वीट आला आहे, आणि माणसाने कर्तव्य करून विसरून जावं हेच खरं. काकूंना नमस्कार, कपिलेला थाप.

आपली पुतणी,
सुगंधा

ता. क. आई म्हणते, या वेळी आमसुलं पाठवाल तर उन्हात नीट वाळवून पाठवा. मागची वाटेत पुन्हा ओली झाली.

आणखी एक ता. क. काका, अडतीसच्या शिमग्याला खालच्या घराची पाळी चुकली, तेव्हा पहिला खांदा तुम्ही दिलात. योग्यच केलंत, देवी थांबवता येत नाही. पण त्यानंतर पंधरा शिमगे झाले आणि पहिला खांदा वरच्या घराचाच राहिला. अण्णांनी कधी विचारलं नाही, कारण वर लिहिलंच आहे, ते मागत नाहीत. म्हणून मी त्यांचं नाव सुचवते आहे. अकरा तास छातीभर पाण्यात, बत्तीस वर्षं नोकरी, वर्तणूक उत्तम. येत्या शिमग्याला पहिला खांदा धोंडूचा, एवढं तुम्ही गावकीत म्हणावं. रजेचं मी बघते. (हा वशिला आहे हे मला कळतं. अठरावं कलम मी पुन्हा दोनदा वाचलं. त्यात पालखीचा उल्लेख नाही.)

शेवटचा ता. क. मी लिहिल्याचं अण्णांना कळता कामा नये. बोलावणं तुमच्याकडूनच यावं. मात्र रीतीप्रमाणे मी आधी गुपचूप चाचपून पाहिलं आहे. आज सकाळी सहज म्हटलं, ‘अण्णा, समजा काकांनी आपणहून बोलावलं तर?’ ते उठून गॅलरीत गेले. पण आता हे पत्र संपवताना पाहते आहे, खोबरेलाची वाटी घेऊन दारात बसलेत आणि डावा खांदा चोळतायत. उजवा चावीने कामातून गेलाय. तेव्हा पालखीला त्यांचा डावा खांदा लावून घ्या.