दव सुकेपर्यंत

गस्ती कॅम्प, मेळघाट
१२ डिसेंबर २०२४

ती. आईस, स. जय भीम वि. वि.

इथे नेटवर्क नाही, म्हणून आमचा ड्रायव्हर नितेश याच्या जीपमधून पत्र परतवाड्याच्या पोस्टात धाडते आहे. वनरक्षकाची नोकरी छान, थंडी मात्र बेकार. रोज उजाडायच्या आत गस्त, वाटेत दोनदा नाला. बुटांचा जोड एकच, तो सुकतच नाही. परवा पायाची बोटं पांढरी पडली, चिमटा काढला तरी कळेना. साहेबांकडे दुसरा जोड मागितला आणि तोवर ऊन आल्यावर गस्त घालते म्हटलं. जमत नसेल तर राजीनामा दे, म्हणाले. राजीनामा नाही, मी अर्ज दिला. ओल्या बुटांनी जाणार नाही, असं स्वच्छ लिहिलं.

माया असू दे.
तुझी भावना


तेल्हारा
१६ डिसेंबर

चि. भावनास, अ. आ.

अर्ज आधी मागे घे. आपल्या घरातली पहिली सरकारी नोकरी, आणि तू बुटापायी साहेबाशी भांडून राहिलीस? मी तीस वर्षं सकाळच्या दवात कापूस वेचते, माझे हात कधी कुरकुरले नाहीत. लोकरीचे मोजे पाठवते. दोन-दोन घाल अन् गुमान कामाला लाग.

जिवाला जप.
तुझी आई पंचफुला


कॅम्प
२० डिसेंबर

ती. आईस, स. जय भीम.

मोजे पोचले. दोन घातले की बूट आवळतो, पाय आणखी बधिर होतो. म्हणून एक जोड पायात, एक कोरडा पिशवीत. अर्ज मागे घेणार नाही. ऊन आल्यावरच निघते म्हणून मेमो आला, त्यालाही उत्तर दिलं.

तुझे हात कुरकुरले नाहीत, कारण त्यांना कळतच नव्हतं. गारठलेल्या बोटांना बोंडाची टोकं टोचायची आणि कापूस लाल झाला की तुला समजायचं. शेतमालक किसनराव डागासाठी ओरडायचे, बोटांचं कुणी विचारलं नाही. तू हात पदराखाली लपवायचीस. मी पाहत होते आणि गप्प बसले, त्याची मला लाज वाटते.

रागावलीस तरी पत्र लिही.
भावना


तेल्हारा
२७ डिसेंबर

चि. भावनास, अ. आ.

तुझ्या पत्राचा लई राग आला होता. आज वेचणीची ओटी बांधून कापसाच्या तासात शिरले, पहिल्याच झाडाशी बोटातून रक्त आलं. मला खरंच कळलं नाही, शेजारच्या तासात वेचणाऱ्या सत्यभामानं दाखवलं. तशीच शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसले. मागोमाग वेचणाऱ्या बाकीच्या आठही जणी बसल्या.

काहून बसल्या वो बाया, म्हणून किसनराव धावत आले. दव सुकेपर्यंत आमी उठत नाही, घाई असंन तर तुमी वेचा, असं मी तोंडावर सांगितलं. ते इरेला पेटले, चार बोंडं वेचली, अन् दोन्ही हात मफलरीत लपवले. पाठीवर ऊन आलं तेव्हा आम्ही उठलो.

उद्याही तसंच. अर्ज मागे घेशील तर घरी येऊ नको.

तुझीच,
आई