धोंडोपंतांचा सौदा

१२ नोव्हेंबर १९९८
घोटीकडचे नवजात महाशय प्रातःकाली दाखल. पूर्ण दिवसांचे, वजनदार, वर्णाने निळेजांभळे. जन्मताच फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांनी द्वारे उघडावीत, हा सृष्टीचा संकेत. यांच्या वाहिन्या गर्भातल्यासारख्याच मिटून बसलेल्या. जन्म झाल्याचे वृत्त त्यांना पोहोचलेलेच नाही. श्वासयंत्र लावले.
सोबत आजी. आधीची दोन नातवंडे गेली, म्हणून याचे नाव धोंड्या. "दगुड कोन उचलून नेतं, डाक्टर?" युक्तिवाद बिनतोड. मी 'श्रीमंत धोंडोपंत' हा किताब बहाल केला.

१३ नोव्हें.
सर येऊन गेले. माझे गुरू, शिवाय रुग्णालयाचे मालक. म्हणजे दोन्ही कान त्यांच्याच हाती. आज्ञा: यंत्राची गती वाढव, रक्तातील कर्बद्विप्रणिल वायू (यापुढे क.द्वि.; पूर्ण नाव लिहिताना मलाच धाप लागते) पंचविशीत आण.
क.द्वि. वाढला की त्या वाहिन्या अधिकच आवळतात, मान्य. परंतु तो उपसण्यासाठी भाता इतका झोडपायचा की कोवळे फुप्फुस फाटावे? आणि क.द्वि. अति उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा आखडतो, त्याचे काय? गती मंदच ठेवली. क.द्वि. पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मीही तेथेच उभा आहे. पंचविशीत परतणे मलाही आवडले असते.
"गाढवा, माझ्या रुग्णालयात प्रयोग?"
"प्रयोग नव्हे सर. संयम."
उत्तर आवडले. मला.

१४ नोव्हें.
फर्मान: धोंडोपंतांस अकारण स्पर्श नको. हात लागला की वाहिन्या मिटतात, ओठ निळे होतात. आजी तेलाची वाटी घेऊन काचेबाहेर तिष्ठत.
मग म्हणाली, "आमच्या नशिबी पोर ऱ्हात नाय. तुमी इकत घ्या याला."
पदराच्या गाठीतून नवा तांदूळ काढून माझ्या ओंजळीत ओतला. तोच मी किंमत म्हणून तिच्या पदरात परत ओतायचा. ओतला.
"झालं. आता पोर तुमचं, आमी कोन नाय. बरं झालं की आमी परत घेऊ."
सिस्टर वैशाली मास्कआड हसत होत्या. या वयात पुत्रप्राप्ती! गृहमंत्र्यांस अद्याप कळविलेले नाही.

१५ नोव्हें.
दुपारी धोंडोपंत अकस्मात काळवंडले. क.द्वि. उफाळला, वाहिन्या कडीकोयंडा लावून बंद. हाताने श्वासाचा फुगा दाबत राहिलो, जलद, अतिजलद. म्हणजे सरांचाच मंत्र, माझ्या हस्ते. नळीत चिकट स्राव अडकलेला. सिस्टरांनी ओढून काढला. वर्ण परतला.
मंद गतीमुळेच स्राव साठला का? ठाऊक नाही.
असो. गती पुन्हा मंद केली.

१६ नोव्हें.
सर संतप्त. "पुरे झाला तुझा संयम. केस मी घेतोय. आजीबाई, इथे अंगठा द्या."
"माझा कशाला? पोर माझं नाय."
"मग कुणाचं?"
आजीने माझ्याकडे बोट केले. "त्यांला इकलंय. त्यांलाच इचारा."
सरांनी अनुमतीपत्र माझ्यापुढे धरले. एवढ्या वर्षांत प्रथमच. मी अत्यंत विनयाने अनुमती नाकारली.
"तो गेला तर या इमारतीत पाऊल टाकायचं नाही," एवढे बोलून गेले. हेही मान्य.

१९ नोव्हें.
प्राणवायू उतरवीत आणला, तरी ओठ गुलाबी. वाहिन्यांस जन्मवार्ता बहुधा पोहोचली. मेंदूस काय पोहोचले, ते पुढे कळेल. उद्या नळी काढणार.
सर काचेशी बराच वेळ उभे. "किती वाजता काढतोस?" एवढेच.
आजी पदराची गाठ सोडूनच आली. "घ्या तांदूळ, द्या आमचा धोंड्या."
"आज विक्री बंद."
"का वो? बरा हाय ना?"
"उद्या नळीवाचून रडू दे. मग न्या."
"आन् नाय रडला तर?"
तर तोटा मालकाचा. मालक मी. तांदळासकट परत पाठवली.