धुतलेला रणगाडा

अहो,

परवापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. तुमचा लाकडी रणगाडा मी साबणाने घासला, ही चूक कबूल. त्यावरचा चिखल आणि गंज तुम्ही तीन महिने बसून रंगवला होता, हे दिवाळीच्या सफाईत माझ्या लक्षात आलं नाही. घरातल्या खऱ्या गंजाला तुम्ही कधी ब्रश लावला नाहीत, म्हणून फसले.

आज संध्याकाळी तो सहादूभावजींना द्यायचा आहे. म्हणून सकाळीच पंचवटीत त्यांच्याकडे गेले आणि सहज विषय काढला, की एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्यावर चिखल किती असायचा? ते हसायलाच लागले. "चिखल? वहिनी, थांबलो की आधी पुसायचो आम्ही! नाहीतर साहेब सोलून काढायचे. मागं चहा टाकायचो, तेवढी काजळी होती बघा."

काजळाची डबी रणगाड्याशेजारी ठेवली आहे. मी हात लावलेला नाही.

शाळेतून पाचला येते. थर्मासात चहा आहे. प्यायल्यावर कप धुवायचा की तसाच ठेवायचा, एवढं तरी तोंडाने सांगा.

कला