हजेरीची वचनं

मिल फोर्क, नेब्रास्का
११ फेब्रुवारी १९२९

चि. सौ. लव्हिना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आणि साल्मन माशाचे सहा डबे पोचले. डबे फळीवर मांडून ठेवलेत. सध्या माझ्या घशाखाली काही उतरत नाही. कारण सांगते, आधी बसून घे.

नवं वाचनालय उभं राहिलं. लाल विटांचं, दारावर पितळी पाटी. आणि ग्रंथपाल म्हणून नेमली ब्यूला केसलरची भाची मॅक्सीन. तिच्याकडे ओमाहाच्या कुठल्याशा वर्गाचं प्रमाणपत्र आहे. हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत एकोणीस वर्षं मी फुकट पुस्तकं दिली, शेगडी पेटवली, फाटकी पानं चिकटवली. त्याचं प्रमाणपत्र कुणी छापत नाही. समितीची अध्यक्ष ब्यूलाच. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की विनिफ्रेडचे उपकार गाव विसरणार नाही, पण आता शिकलेली बाई हवी. एवढं बोलून माझ्यापुढे केकची बशी धरली. मी तो केक खाल्ला, याचाच मला जास्त राग येतो.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. या एका कामाशिवाय मला या गावात दुसरं काही होता येण्यासारखं नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या गुरुवारच्या वाचन मंडळाची हजेरी तुला आठवत असेल. नाव पुकारलं की हजर म्हणायचं नाही, उभं राहून थोरामोठ्यांचं एखादं वचन म्हणायचं. आता वाचतंय कोण? सोमवारी सगळ्या माझ्या दारात, की विनी, मैत्रीवर काहीतरी दे, पण लहान दे. मी चिठ्ठीवर लिहून देते. हजेरीचंच काय, बॉइलच्या मुलानं मागणी घातली ती माझ्या चिठ्ठीवरून, पाद्रीबोवांच्या प्रवचनाची शेवटची ओळ माझी, आणि द्वोराकबाईंनी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून चुलीवर भरतकाम करून टांगलंय तेही माझंच. सरकारी दारूबंदीनं सुटली नाही ती ओळीनं काय सुटणार म्हणा. गावच्या दफनभूमीत माझ्या ओळीवाचून एक दगड नाही.

मंडळाची अध्यक्षही ब्यूलाच, आणि तीसुद्धा चिठ्ठी माझ्याकडूनच नेते. चौदा मार्चच्या सभेला लिंकनहून महिला महासंघाच्या थॉर्नबरीबाई येणार आहेत. मी ब्यूलाला सोडणार नाही. कसं, ते अजून ठरत नाही.

एरिकला नमस्कार. तू तरी लोभ ठेव, इथला संपलाय.

तुझी,
विनी

---

अॅस्टोरिया, ऑरेगन
२० फेब्रुवारी १९२९

ती. विनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता कॉफी उतू गेली आणि एरिकनं चूल पुसली, म्हणजे बघ प्रकरण किती गंभीर.

ब्यूला म्हणजे तीच ना, जिनं शाळेत माझ्या फ्रॉकच्या पाठीवर पिठाच्या गिरणीचं नाव शोधून मोठ्यानं वाचलं होतं? फ्रॉक पिठाच्या पोत्याचा; आईनं कापड तीनदा उकळलं होतं, तरी अक्षरं गेली नव्हती. मी सात वर्षांची होते. आता चाळीसची आहे आणि अजून ती अक्षरं माझ्या पाठीवर आहेत.

तर ऐक. एकेकीच्या हातात एकेक तुकडा दे. हजेरी आडनावाच्या क्रमानं होते ना? मग अमुंडसनकाकूंपासून सुरू कर. सुटं वाक्य कुणालाच खुपणार नाही, पण ओळीनं ऐकलं की फिर्याद पुरी झाली पाहिजे. अध्यक्षबाईंचं नाव शेवटी येतं, तेव्हा तिच्या तोंडी कबुली घाल. ती आधी वाचून येत नाही असं तूच कधीतरी लिहिलं होतंस. कुणी जाब विचारला तर म्हणायचं, बोलले ते थोर लोक, आम्ही आपल्या बिचाऱ्या बायका.

फक्त ऐन वेळी कच खाऊ नकोस. केकची बशी पुढे आली की तू विरघळतेस, हे सगळ्या घराण्याला माहीत आहे.

लोभ तर करशीलच, पण आधी त्या बाईचा समाचार घे.

तुझी,
लव्हिना

---

मिल फोर्क
१५ मार्च १९२९

चि. सौ. लव्हिना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

काल सभा झाली. सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं, तेव्हा आता तूही ऐकून घे.

दोन आठवडे पुस्तकं उपसली. सोमवारी एकेक बाई आली आणि चिठ्ठी पर्समध्ये घालून गेली. द्वोराकबाईंनी तेवढी वाचली आणि ही ओळ नवऱ्याला लागू पडेल का म्हणून विचारलं. ब्यूला गाडीतून उतरलीसुद्धा नाही, खिडकीतून हात पुढे केला.

गुरुवारी अमुंडसनकाकू उठल्या: ज्यानं विहीर खणली तो तहानलेला उभा आहे, आणि काठावर दुसऱ्याच्या नावाची पाटी आहे. मग बॉइलबाई: उपकार विसरायला मोठं मन लागत नाही, मोठं घर लागतं. द्वोराकबाई: चोर अंधारात येतो ही भाबड्यांची समजूत, तो दुपारी येतो, हातमोजे घालून. अशा अठरा. मी एकेक चेहरा बघत होते. आता कुणीतरी मान वर करील, आता कुणीतरी ब्यूलाकडे बघेल.

कुणी बघितलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. जिचं नाव यायचं होतं ती आपली ओळ पुटपुटत होती, जिचं झालं ती सुटकेचा श्वास टाकून टोपी सारखी करत होती. थॉर्नबरीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. एकोणीस वर्षं मी या बायकांच्या तोंडात सोनं घातलं आणि त्यांनी एकमेकींचं कधी ऐकलंच नव्हतं, हे मला काल कळलं.

ऐकत होती फक्त एक. चौथ्या नावाला ब्यूलाचा चेहरा पांढरा पडला. आठव्याला तिनं आपली चिठ्ठी उघडून वाचली. मला वाटलं, घेरी येऊन पडते. तिचं नाव आलं तशी ती उठली, पाठ ताठ केली आणि चिठ्ठीत होतं ते अक्षरन् अक्षर म्हणाली: मागितलं असतं तर मिळालं असतं ते मी हिसकावून घेतलं, आता हात भरलेत आणि पदरात काही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थॉर्नबरीबाई म्हणाल्या, सुंदर निवड.

नंतर तिनं स्वतः माझ्या कपात कॉफी ओतली आणि हळूच सांगितलं की सहावी ओळ पाचवीच्या आधी हवी होती, तिथं जरा पकड सुटते. नोकरीचं म्हणशील तर ती मॅक्सीनकडेच राहील, हेही त्याच आवाजात सांगितलं. साखर किती, ते मात्र विचारलं नाही.

माझं रक्त उकळतंय. तिला लागलं, हे मला दिसलं, आणि तरी मीच हरले. आता मी कुणालाही चिठ्ठी देत नाही. सोमवारी दार लावून बसते.

लोभ असू दे. दुसरं मागण्यासारखं काही राहिलं नाही.

विनी

---

मिल फोर्क
२९ एप्रिल १९२९

कु. विनिफ्रेड ट्रास्क हिस,
स. न. वि. वि.

माझे यजमान ऑटो गेले त्याला तीन आठवडे झाले. अंत्यविधीला तू मागच्या बाकावर होतीस आणि शेवटच्या प्रार्थनेआधी उठून गेलीस. मी पाहिलं. तक्रार करत नाही.

तीस मेच्या स्मरणदिनाला सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत येईल. त्याआधी दगड बसायला हवा, आणि पाथरवट ओळीसाठी थांबलाय. मॅक्सीनला विचारलं, तिनं पुस्तकांची यादी दिली. पाद्रीबोवांना विचारलं, त्यांनी खाकरून तुझं नाव घेतलं. अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसासमोर बसून जेवले, आणि त्याच्याविषयी मला एक वाक्य सुचत नाही.

तू देशील ते कोरून घेईन. काहीही दे. दिलेलं मी वाचते, हे तुला माहीत आहे.

लोभ आपल्यात नव्हता, म्हणून तो मागत नाही. ओळ मागते.

ब्यूला केसलर

---

मिल फोर्क
३१ मे १९२९

चि. सौ. लव्हिना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

ब्यूलाच्या पत्राची नक्कल तुला पाठवली होती. तू उत्तरात एकाहून एक विखारी ओळी सुचवल्यास. पापी बाई, त्यातल्या दोन वाचून मी हसलेसुद्धा. पण ऑटो केसलरनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. दर हिवाळ्यात वाचनालयाच्या शेगडीला कोळसा तोच पाठवायचा, बायकोला न सांगता. त्याच्या छातीवर वाईट ओळ ठेवायला हात धजेना. आणि चांगली द्यायला मन होईना.

आठवडाभर घोळवून मी चिठ्ठी पाठवली: नाव आणि दोन तारखा, एवढंच पुरे. तुला सांगते, यात दयामाया नव्हती. इथं बॉइलच्या गड्याच्या दगडावरसुद्धा माझी ओळ आहे. सगळ्या टेकडीवर एकटा केसलरचा दगड बोडका दिसेल, येणारा जाणारा थबकेल आणि विचारील की विनी ट्रास्कनं याला का नाही दिली. गावाला माझी फिर्याद ऐकू आली नव्हती, आता डोळ्यांनी दिसेल, असा माझा हिशेब.

काल सगळे गेलो. पिओनीची फुलं यंदा भरपूर आहेत. लोक खरोखर त्या दगडापाशी थबकले. आणि पुरुषांनी टोप्या काढल्या. अमुंडसनकाकू म्हणाल्या, किती सोज्वळ. द्वोराकबाईंनी तिथंच मला बजावलं की त्यांनाही असाच हवा, नवऱ्याला मात्र ओळ चालेल.

मग ब्यूला आली. तिनं सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, मी असते तर दगडभर मोठेपणा कोरला असता. तू ऑटोला त्याचं नाव परत दिलंस, हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. पुढे म्हणाली, मॅक्सीन जूनअखेर लग्न करून ओमाहाला चाललीय, समितीशी मी बोललेय, वाचनालय एक जुलैपासून विनिफ्रेडचं. लोकांनी मान डोलावली. माझ्या तोंडून निघालं, आभारी आहे.

लव्हिना, ज्यासाठी जीव टाकत होते ते मला मिळालं, तेही न केलेल्या चांगुलपणाबद्दल. रात्री डोळा लागला नाही. तिच्यावरचा राग अजून तसाच आहे, आणि त्याच्या जोडीला लाज आहे. ती बिचारी फसली. तिला जाऊन खरं सांगू का? सांगितलं तर नोकरी जाईल. न सांगितलं तर त्या खुर्चीत बसू कशी?

लोभ असेल तर लवकर लिही.

विनी

---

अॅस्टोरिया
८ जून १९२९

ती. विनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबाबंदीचा कारखाना जोरात आहे, माझ्या हाताला माशांचा वास आहे, तो कागदाला लागेल. लवकर लिही म्हणालीस म्हणून तशीच बसलेय.

ताई, इतकी पुस्तकं वाचलीस आणि माणूस वाचायचं मात्र माझ्यावर सोडलंस. अठरा बायकांच्या तोंडून तू बोललीस, तेव्हा भरल्या सभेत जिला एकटीला ऐकू आलं, तिला बिनओळीचा दगड वाचता आला नसेल, असं तुला खरंच वाटतं? तुझी चिठ्ठी हातात पडली त्या मिनिटाला तिला कळलं. तरी तिनं ती कोरून घेतली. चार लोक जमतील तो दिवस निवडला, तुझे दोन्ही हात धरले आणि तुझ्या कुजक्या बेताला गावासमोर पुण्य म्हणून जाहीर केलं. तुझ्या तोंडून आभार वदवून घेतले. आता तू त्या खुर्चीत बसशील आणि ती रोज पुस्तक मागायला येईल, गोड हसून.

फसलं कोण, ते तूच ठरव.

मी पिठाच्या पोत्यापासूनची तिची वैरीण, पण खरं सांगते, याच्यावर उलटा वार माझ्यापाशी नाही. गप्प राहा आणि एक जुलैला वेळेवर जा.

लोभ आहेच. या खेपेला त्यात थोडी दया आलीय, ती सहन कर.

तुझी,
लव्हिना