तन्वी आज वाक्य विसरली

रविवार, मुलुंड

तन्वी वाक्य विसरली, हे काही केल्या डोक्यातून जात नाहीये. शाळेच्या नाटकात हिला स्वतःचीच काय, आम्हा सगळ्यांची वाक्यं पाठ असायची. मी स्टेजवर अडकले की प्रेक्षकांकडे पाठ करून माझं वाक्य हळूच पुटपुटायची. मग एकांकिका, मालिका, आणि आता तर आमच्या नाक्यावरच हिचं केवढं मोठं पोस्टर!

आज तिने मला मरोळला शूटिंग बघायला बोलावलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं काम एक नवीन मुलगी करत होती. पहिलाच सिनेमा. बिचारी सारखी चुकत होती. शेवटी दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडला, "जमत नसेल तर सांग, दुसरी बोलावतो!" पोरीचे डोळे भरले.

पुढच्या टेकला तन्वीच मध्ये थांबली. "सॉरी सर, मी वाक्य विसरले. जरा वेळ द्या ना."

तिच्यावर कोण ओरडणार? ती त्या मुलीला कोपऱ्यात घेऊन गेली, दोघी वाक्यं म्हणत बसल्या. नंतरचा टेक झकास झाला.

पण तन्वी, आणि विसरली? व्हॅनमध्ये शिरल्या शिरल्या मी विचारलं, "मुद्दाम केलंस ना?"

"गप गं," मेकअप पुसत ती म्हणाली. "तिचे आईबाबा आले होते बघायला. तुझ्या मागेच तर उभे होते. दिसले नाहीत तुला?"

नव्हते दिसले. मी आपली दिवसभर तन्वीकडेच बघत होते.